गाळलेला आकडा

दिवाळी अंक हातात पडला, की मी आधी भुताची गोष्ट शोधतो. कविता, राशिभविष्य, संपादकांचे मनोगत हे सगळे नंतर. ही माझी खोड आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्यावरून माझी भरपूर थट्टाही होते. पण पाडव्याच्या दुपारी, पोटात चार करंज्या आणि उशाला लोड असताना, भुताच्या गोष्टीसारखी दुसरी चीज नाही. लख्ख उजेडात आणि भरल्या घरात भ्यायला फार सोयीचे असते.

या गोष्टींचा मामला बहुधा ठरलेला. जुना वाडा, परसातला आड, कोपऱ्यातला पिंपळ. घरातल्या माणसांना भूत नको असते आणि भुताला घर हवे असते. शेवटी कुणी जाणता माणूस येतो, नारळ उतरवतो, लिंबू कापतो आणि भूत निमूटपणे निघून जाते. आपण अंक मिटतो आणि चिवड्याचा डबा पुढे ओढतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीने एक इंग्रजी कादंबरी आणून माझ्या हातात ठेवली. "बाबा, भुताची आहे," एवढेच म्हणाली. टोनी मॉरिसन या अमेरिकन लेखिकेची 'बिलव्हेड'. १९८७ साली निघालेली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९९३ साली लेखिकेला नोबेल. एवढे मानसन्मान असलेले पुस्तक आपल्याला झेपणार नाही, हा माझा नेहमीचा अनुभव. इथेही पहिली तीस-चाळीस पाने मला नीटशी उमगली नाहीत. कोण कुणाचे, कोण जिवंत, कोण मेलेले, काही पत्ता लागेना. पण एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ध्यानात आली आणि तिने मला धरून ठेवले. या घरातल्या बाईला भूत हवे होते.

घर आहे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराच्या कडेला. साल १८७३. घराचा नंबर १२४. त्यात सेथा नावाची काळी बाई आणि तिची अठरा वर्षांची मुलगी डेन्व्हर, दोघीच राहतात. सासू वारलेली. दोन मुलगे होते, ते तेरा वर्षांचे होण्याच्या सुमारास घर सोडून पळाले. कारण घरात नांदत होते एका तान्ह्या मुलीचे भूत. आरसा आपोआप फुटायचा. ताज्या केकवर चिमुकल्या हातांचे ठसे उमटायचे. हे भूत म्हणजे सेथाचीच मुलगी. दोन वर्षांचीही नव्हती. तिला सेथाने स्वतःच्या हातांनी मारले होते.

इथे मी पुस्तक मिटले होते. पाडव्याची दुपार नव्हती, तरी पुढे वाचवेना.

मग मुलीने सांगितले, की यात सारे काही कल्पित नाही. मॉरिसनबाई एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या. १९७४ साली त्यांनी काळ्या लोकांच्या इतिहासाचा एक जाडजूड संग्रह सिद्ध केला. त्याचे काम चालू असताना १८५६ सालच्या एका वृत्तपत्रातले कात्रण त्यांच्या हाती लागले. त्यात मार्गारेट गार्नर या बाईची हकीगत होती. ती त्यांच्या मनात घर करून राहिली आणि तेरा वर्षांनी तिची कादंबरी झाली.

ती हकीगत अशी. केंटकी हे गुलामीचे राज्य, ओहायो मुक्त. मधे ओहायो नदीची सरहद्द. १८५६च्या जानेवारीत इतकी कडाक्याची थंडी पडली, की नदी गोठली. त्या बर्फावरून सतरा माणसे रातोरात पळाली. त्यांत विशीतली मार्गारेट, तिचा नवरा, सासू-सासरे आणि चार मुले होती. पलीकडे पोचून एका नातलगाच्या घरी ती थांबली. पण मालक माणसे घेऊन मागोमाग आलाच. १८५०च्या कायद्याने पळालेला गुलाम मुक्त राज्यातूनही पकडून नेता येत असे. दार फुटणार हे दिसताच मार्गारेटने सुरी उचलली आणि आपल्या लहानग्या मुलीचा गळा चिरला. बाकीच्यांनाही ती मारणार होती. तेवढ्यात तिला धरले.

पुढे सिनसिनाटीत काही आठवडे सुनावणी चालली. त्यातला पेच वाचून मी कितीतरी वेळ सुन्न बसलो होतो. गुलामगिरीच्या विरोधातल्या लोकांचे म्हणणे असे, की हिच्यावर खुनाचा खटला भरा! कारण खुनी ठरायला आधी माणूस असावे लागते. आणि खटला चालला तर ती ओहायोतच राहील, परत जाणार नाही. मालकाचे म्हणणे, ती माझी मालमत्ता आहे, मला परत द्या. न्यायाने मालकाचे ऐकले. मार्गारेटला परत नेले आणि नंतर बोटीतून दक्षिणेकडे पाठवले. वाटेत बोटीला अपघात झाला आणि तिची तान्ही मुलगी बुडाली. त्या वेळी आईच्या चेहऱ्यावर समाधान दिसले, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापले. १८५८ साली विषमज्वराने ती गेली.

आईने मूल मारावे, ही गोष्ट परक्या मुलखातली म्हणून आपल्याला झटकून टाकता येत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते काही उगाच नव्हे. विधवेला मूल झाले तर ते नाहीसे करण्यावाचून तिला दुसरी वाट आपल्या समाजाने ठेवलीच नव्हती. फुले दांपत्याने ती वाट आपल्या घरात काढली आणि अशाच एका बाईचा मुलगा पुढे दत्तक घेतला. आणखी एक योगायोग. मॉरिसनबाईंची कादंबरी १८७३ साली सुरू होते; त्याच साली जोतीरावांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. सुरी आईच्या हातात दिसते; ती तिथवर कुणी पोचवली, हे जोतीरावांना पुरते कळले होते.

धीर करून मी कादंबरी पुन्हा उघडली.

लिंबू कापणारा या गोष्टीतही येतो. पॉल डी नावाचा सेथाचा जुना सोबती, तिच्याबरोबर एकाच मालकाकडे राबलेला. तो घरात पाऊल टाकतो, भूत थयथयाट करते आणि हा गडी टेबल उचलून आरडाओरडा करत भुताला हुसकून लावतो. आपल्या गोष्टी इथे संपतात. ही इथे सुरू होते. थोड्याच दिवसांनी तिघे जत्रेहून परत येतात, तो घरापुढच्या ओंडक्यावर एक तरुण मुलगी बसलेली. अंगावरचे कपडे नवे, कातडी तान्ह्या मुलासारखी, तळहातांवर रेघ नाही. घटाघटा पाणी पिते, गोडाची हावरी आहे आणि नाव विचारले तर सांगते, बिलव्हेड. म्हणजे लाडकी.

हे नाव आले कुठून? मुलीला पुरताना सेथाला थडग्यावर काहीतरी कोरून हवे होते. पाथरवटाला द्यायला पैसे नव्हते. होते ते शरीर. दहा मिनिटांच्या मोबदल्यात त्याने इंग्रजी सात अक्षरे कोरून दिली. आणखी दहा मिनिटे दिली असती, तर अजून एक शब्द बसला असता का, हा हिशेब ती बाई पुढे वर्षानुवर्षे करत राहते. मुलीचे खरे नाव काय होते, हे साऱ्या कादंबरीत कुठेच येत नाही. थडग्यावरचा तो एक शब्द, तेच तिचे नाव.

ही आपलीच मुलगी, हे सेथाला उमगते आणि तिथून जे घडते ते कुठल्याही पिंपळावरच्या हडळीपेक्षा भयंकर आहे. मुलगी आईचा गळा धरून बसत नाही. ती फक्त मागते. खाऊ मागते, गोष्टी मागते, आईचा सारा वेळ मागते. आई देत राहते आणि एकसारखे समजावत राहते: मी तसे का केले, तुला त्यांच्या हाती का जाऊ दिले नाही, माझा जीव तुझ्यावर किती होता. मुलीला काही पटत नाही. आई कामाला जायची बंद होते. घरातले अन्न संपते. मुलगी फुगत जाते आणि आई वाळत वाळत काडी होते. सेथा बरोबर की चूक, हे विचारायचा हक्क कुणाचा, यावर मॉरिसनबाईंचे उत्तर असे, की तो फक्त त्या मेलेल्या मुलीचा. म्हणून त्यांनी तिलाच परत आणले.

आता घराच्या नंबराची गोष्ट. १२४. एक, दोन आणि चार. सेथाला मुले चार, त्यांतले मेले ते तिसरे. दारावरच्या आकड्यातही तीन गाळलेला आहे! कादंबरीत हे कुणी बोलून दाखवत नाही. माझ्या मुलीने दाखवले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्याचे कारण मी तिला त्या वेळी सांगितले नाही.

१९९१च्या फेब्रुवारीत खानेसुमारी झाली. जवळच्या शाळेतल्या एक बाई कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्याकडे आल्या. मी कचेरीला निघायच्या घाईत होतो. आई पासष्टीच्या पुढची, खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. नाव, वय, शिक्षण वगैरे झाल्यावर बाईंनी विचारले, "आजी, मुले किती झाली?"

आई म्हणाली, "चार."

आम्ही तीन भाऊ. मी बुटाची नाडी बांधता बांधता हसलो आणि म्हणालो, "तीन लिहा हो. आईचा वयोमानाने जरा घोटाळा होतो."

बाईंनी लिहिले नाही. त्या आईकडेच बघत म्हणाल्या, "जन्मलेली किती, आणि आज असलेली किती, अशी दोन वेगळी घरे आहेत आमच्याकडे."

"जन्मलेली चार," आई म्हणाली. "असलेली तीन."

आमच्या आधी कुणी मुलगी होती आणि ती घटसर्पाने गेली, हे मी लहानपणी एकदा आत्याच्या तोंडून ओझरते ऐकले होते. ऐकले आणि विसरलोही. घरात तिचा फोटो नव्हता. वडिलांनी कधी विषय काढला नाही. काढला तर आईला त्रास होईल, म्हणून नातेवाइकांनी काढला नाही. भाऊबीजेला मामेबहीण आम्हां तिघांना ओवाळायची आणि आई दर वर्षी नेमकी त्याच वेळी काहीतरी तळायला स्वयंपाकघरात जायची, एवढे मला आज आठवते. तेव्हा वाटायचे, करंज्या तळते आहे.

बाई गेल्यावर आई वाटाण्यांकडे बघत म्हणाली, "चपला नेहमी उलट्या घालायची. डावी उजव्यात. कितीदा सांगितलं तरी."

एवढेच. चाळीस-बेचाळीस वर्षांनी कुणीतरी विचारले होते, म्हणून ती एवढे बोलली. आणि विचारणारे घरचे नव्हते, सरकारी कागद होता. मी तिथे बसायला हवे होते. पण मला उशीर होत होता. "येतो गं," म्हणून मी निघालो. संध्याकाळी विषय निघाला नाही. मग कधीच निघाला नाही. काही वर्षांनी आई गेली, तिच्या आधीच वडील, आत्या गेलेली. माझ्या बहिणीचे नाव काय होते, हे सांगणारे आज कुणी उरलेले नाही.

सेथाची कहाणी आणि आईची कहाणी यांची तुलना करू गेलो तर तो अपराध होईल. तिथे गुलामी होती, चाबूक होता, करवत होती. इथे एक मध्यमवर्गीय घर आणि तेव्हाच्या दिवसांत वेळेवर न मिळालेले औषध. पण कादंबरीत सेथाची सासू आहे, बेबी सग्ज. तिला आठ मुले झाली. सात तिच्यापासून तोडली गेली. थोरल्या मुलीचे तिला एवढेच आठवते, की पोरीला पावाचा करपलेला तळ आवडायचा. हे वाचले आणि मला उलट्या चपला दिसल्या. मूल जाते तेव्हा आईपाशी एवढेच काहीतरी मागे राहते. आणि ते घ्यायला कुणी समोर नसेल तर ते तिच्यातच फिरत राहते.

मग १२४ नंबरचे घर त्यातून सुटले कसे? इथे ही कादंबरी मला सर्वांत खरी वाटली. धाकटी डेन्व्हर, जी वर्षानुवर्षे अंगणाबाहेर गेलेली नाही, ती एक दिवस भुकेपायी बाहेर पडते आणि लहानपणी जिच्याकडे शिकली त्या लेडी जोन्सच्या दारात जाऊन उभी राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घरासमोरच्या ओंडक्यावर अन्न दिसू लागते. कधी घेवडे, कधी अंडी. काही भांड्यांखाली नावाची चिठ्ठी. भांडी परत करायला डेन्व्हर घरोघरी जाते, बायका तिच्याशी बोलू लागतात आणि कुणी कुणी तिच्या आजीच्या आठवणी काढतात.

याच त्या शेजारणी. अठरा वर्षांपूर्वी मालक घोड्यावरून येताना दिसला असता, त्या दिवशी कुणी धावत येऊन सावध केले नव्हते. आदल्या रात्री त्या घरात मोठी मेजवानी झाली होती. एवढे वैभव बघून त्यांच्या पोटात दुखले होते. त्यानंतर त्यांनी त्या घरावर बहिष्कारच टाकला. पण शेवटी तीस बायका जमतात, त्या घरासमोर उभ्या राहून प्रार्थना करतात, गातात. आणि त्या गलबल्यात ती मुलगी नाहीशी होते. जाणता मांत्रिक वगैरे कुणी नाही. ज्या त्या वेळी आल्या नाहीत, त्याच उशिरा का होईना, आल्या.

भांड्यांचे वाचून मला आपले फराळाचे ताट आठवले. ज्या घरी त्या वर्षात कुणी गेलेले असते, तिथे दिवाळीचे तळण करत नाहीत; शेजारीपाजारी आणि सोयरे ताट नेऊन देतात. फार शहाणी रीत आहे. पण ती आपण पाळतो कशी, हेही मी इतकी वर्षे बघत आलो. बेल वाजवायची, ताट हातात द्यायचे, "यंदा ऊन फार आहे नाही," असे काहीतरी पुटपुटायचे आणि जिना उतरायला लागायचे. गेलेल्या माणसाचे नाव तेवढे टाळायचे. त्यालाच आपण समजूतदारपणा म्हणतो.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मूल गेले. सहा वर्षांचा मुलगा. दिवाळीत ताट न्यायची वेळ आली तेव्हा मी सुनेला म्हटले, "आण, मी नेतो." जिन्यात दोनदा थांबलो. माझ्या गुडघ्यांना ते कारण पुरेसे होते, पण खरे कारण ते नव्हते. चुकीचे बोललो तर? ती रडली तर?

तिने दार उघडले. मी ताट दिले. उन्हाचे वाक्य तोंडावर आलेच होते. ते गिळले आणि मुलाचे नाव घेऊन म्हणालो, "त्याला यातले काय आवडायचे?"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. आपण भलतेच बोलून बसलो, असे मला वाटले. मग म्हणाली, "काका, आत या ना. बसा."

मी दीड तास बसलो. तिने सांगितले, मी ऐकले. मधे ती रडली, पुन्हा सांगू लागली, एकदा चक्क हसली. त्याला चकली आवडायची. पण काटे मोडून, गुळगुळीत करून. काय काय सांगितले ते मी इथे लिहीत नाही, ते तिचे आहे. भूत पळाले वगैरे काही नाही. तिचे दुःख जिथे होते तिथेच आहे.

तीन दिवसांनी ताट परत आले. रिकामे भांडे परत द्यायचे नाही, म्हणून त्यात चिमूटभर साखर घातलेली होती.

या वर्षीची दिवाळी आता तोंडावर आली आहे. भाऊबीजेला आमच्याकडे पाट मांडले जातील, तेव्हा एक पाट जास्त मांडावा, असे माझ्या मनात आहे. धाकट्या भावाला तसे कळवलेही. तो म्हणाला, "मांडू की. पण हाक काय मारायची तिला?"

त्याला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते.